फाटे मोजणारे वैरागडे

आमच्या घरी चहाला आलेला माणूस साधारणपणे चहा पितो. गोविंद वैरागडे आधी चहाचे फाटे मोजत.

पहिल्यांदा आले तेव्हाचं सांगते. सासूबाईंना बिनसाखरेचा, ह्यांना कडक, मला आल्याचा आणि माहेरपणाला आलेल्या नणंदेला दूध जास्त, असा आमचा रोजचा तमाशा. पाहुण्याला कसा लागतो ते विचारायला मी स्वयंपाकघरातून डोकावले, तर हे गृहस्थ खुर्चीच्या काठावर बसून बोटं मोजत होते. म्हणाले, "वहिनी, तुमच्या चहाले चार फाटे झाले. मले विचारलं का पाचवा होते. मले काही विचारू नका, जसा आहे तसा द्या." मीही काही कमी नाही. सासूबाईंचा अगोड चहा उचलला आणि त्यांच्यापुढे ठेवला. तोंड वाकडं न करता त्यांनी तो संपवला आणि वर म्हणाले, "साधा आहे. चांगला आहे." मनात म्हटलं, हे काही धड दिसत नाही बाई.

ही ऐंशी सालानंतरच्या चार-पाच वर्षांतली गोष्ट. आम्ही वर्ध्याला नालवाडीत राहायचो. वैरागड्यांची खोली गल्लीत आमच्यासमोरच होती, आणि वैरागडे आणि मी, दोघंही एकाच सूतगिरणीत नोकरीला. मी टाइम ऑफिसात, म्हणजे कामगारांची हजेरी आणि पाळ्या बघायला. ते कॉम्प्युटरच्या खोलीत. अख्ख्या गिरणीत कॉम्प्युटर एकच होता आणि तो चालवणारा माणूसही एकच. त्या खोलीत चपला बाहेर काढून जायचं. चपला काढल्यावर माणसाचे हात आपोआप जोडले जायचे, त्यामुळे बरेच कामगार यंत्राला नमस्कार करून मगच तोंड उघडायचे.

गिरणीने वैरागड्यांना नागपूरला कोर्सला धाडलं होतं. तिथल्या मास्तरांनी एक दिवस सांगितलं की, प्रोग्राममध्ये जिथे जिथे 'जर असं असेल तर इकडे जा, नसेल तर तिकडे जा' असं येतं, तिथे रस्ता फुटतो. अशा सगळ्या जागा मोजायच्या, त्यात एक मिळवायचा. येईल तो आकडा म्हणजे त्या प्रोग्रामची गुंतागुंत. दहाच्या आत असला तर माणसाच्या डोक्यात मावतो, दहाच्या वर गेला की लिहिणाऱ्यालाही कळत नाही आपण काय लिहिलं ते. बाकीची पोरं परीक्षा झाली आणि हे विसरून गेली. वैरागड्यांनी मात्र ते गुरुमंत्र घेतल्यासारखं घेतलं, आणि रस्ता फुटतो त्या जागेला आपल्याकडचा शब्द दिला, फाटा.

मग काय विचारता. त्यांच्याकडे चार शर्ट होते, चारही पांढरे. "सकाळी उठल्या उठल्या कोणता शर्ट, हा फाटा कायले पाह्यजे?" संध्याकाळी रोज खिचडी. सेवाग्रामला कसं जायचं म्हणून बसस्टँडवर कोणी विचारलं तर लोक सांगतात तो जवळचा रस्ता ते सांगत नसत. लांबचा पण एकच वळण असलेला सांगत. "पायाले पडते थोडं, पण माणूस चुकत नाई." उन्हातान्हात त्या रस्त्याने गेलेल्या माणसांनी त्यांना काय काय म्हटलं असेल, ते मी लिहीत नाही.

आमच्या ह्यांनी त्यांच्यासाठी हिंगणघाटचं एक स्थळ आणलं होतं. चाळिशी जवळ आलेला माणूस, चांगली नोकरी, वडनेरला शेत करणारा भाऊ, अजून काय हवं? मुलीचे वडील बोलायला लागले. नोकरी पक्की असेल तर, वर्ध्यातच राहणार असाल तर, सणावाराला मुलीला धाडणार असाल तर. वैरागड्यांचा हात गुडघ्यावर, बोटं हलताहेत. सहाव्या 'तर'ला ते उठले आणि नमस्कार करून म्हणाले, "मुलगी चांगली आहे जी. पण उंबऱ्यातच सहा फाटे झाले, घरात गेल्यावर मावणार नाई." आमचे हे पुढे बरेच दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. वैरागड्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

एकदा माझं आणि सासूबाईंचं कशावरून तरी जुंपलं होतं. हे महाशय ओसरीवरून म्हणतात, "थांबा जी दोघी. हे दहाच्या वर गेलं. काऊन भांडून राह्यल्या हे आता तुमाले दोघीलेही माईत नाई." आम्ही थांबलो. खरंच आठवेना. इतका राग आला मला त्यांचा.

गिरणीत त्यांचं मुख्य काम म्हणजे पाळ्यांचा प्रोग्राम. कोणत्या आठवड्यात कोण पहिल्या पाळीला, कोण दुसऱ्या, कोण रातपाळीला, ते कॉम्प्युटर ठरवायचा आणि त्याचा तक्ता शनिवारी गेटवर लागायचा. पहिल्यांदा त्यांनी लिहिला तेव्हा प्रोग्राम छोटासा होता. फाटे चार, आकडा पाच. तो आकडा त्यांनी पाटीवर खडूने लिहून पाटी खोलीच्या दारावर टांगली, आणि आठ दिवस हा माणूस शीळ वाजवत फिरत होता.

पण कामगार म्हणजे माणसं. एकाची बायको बाळंतपणाला गेली, त्याला रातपाळी नको. एकाचा मुलगा दहावीला. एका घरात नवरा-बायको दोघं गिरणीत, त्यांना एका पाळीत घालायचं नाही. लोक मॅनेजरसाहेबांकडे जायचे, साहेब चिठ्ठी द्यायचे, आणि वैरागडे दात आवळून प्रोग्राममध्ये एक नवा 'जर' घालायचे. पाटीवरचा आकडा वाढत चालला. नऊचा अकरा झाला त्या दिवशी ते जेवले नाहीत. एकदा चेअरमन आले, पाटीवर सत्तेचाळीस बघून म्हणाले, "एवढी गरमी? अरे, एसी वाढवा." वैरागडे म्हणाले, "एसीनं नाई उतरणार साहेब." पुढे साठाच्या वर गेल्यावर त्यांनी पाटी भिंतीकडे तोंड करून टांगली.

आणि मग तान्हा पोळा आला. पोळ्याच्या दिवशी ज्यांच्याकडे बैल त्यांना सुटी, हा एक 'जर'. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, पोट्टे लाकडी बैल सजवून घरोघर नेतात, म्हणून ज्यांच्या घरी लहान पोर त्यांना पहिली पाळी माफ, हा दुसरा. पोळ्याला जे कामावर आले त्यांना त्याच्या बदल्यात दुसऱ्या दिवशी विश्रांती, हा तिसरा. तीन चिठ्ठ्या, तीन वेगवेगळे दिवस, आणि सगळे एकमेकांच्या पोटात शिरलेले. तक्ता निघाला. मी पाहिला, सुपरवायझरने पाहिला, साहेबांनी सही केली. कॉम्प्युटरने दिलं म्हणजे बरोबरच असणार, नाही का?

तान्ह्या पोळ्याला सकाळी सातचा भोंगा झाला आणि गेटमधून एकही माणूस आत आला नाही. ज्याच्याकडे बैल होते त्याची पोळ्याची सुटी प्रोग्रामने दुसऱ्या दिवशीही धरली होती, ज्याच्याकडे बैल नव्हते त्याच्याकडे पोर होतं, ज्याच्याकडे पोर नव्हतं त्याने आदल्या दिवशी काम केलं होतं. सगळ्यांना सुटी. कोणीही शंका काढली नाही. यंत्राने मोठ्या मनाने दिलेली सुटी घेऊन सगळे घरी मजेत बसले. मी पोचले तेव्हा गिरणीत चौकीदार होता आणि वैरागडे. त्यांना ना बैल ना पोर, आणि ऑफिसवाले असल्यामुळे तक्त्यात नावही नाही. गेटवर पंधरा-वीस पोट्टे लाकडी बैल घेऊन बोजारा मागायला उभे होते. या दिवशी मुलांना खाऊ नाहीतर पैसे द्यायचे असतात, आणि वैरागड्यांच्या खिशात काही नव्हतं. तेव्हा हे आत गेले, प्रिंटरच्या कागदाच्या कडेच्या भोकाभोकांच्या लांब पट्ट्या घेऊन आले, आणि एकेका बैलाच्या शिंगांना बांधायला बसले. पोरं खूश. तेवढ्यात साहेबांची जीप आली. आत सूत कातायची सगळी चाती गप्प, बाहेर आमचे प्रोग्रामर मातीत उकिडवे बसून बैल सजवताहेत.

साहेब ओरडले नाहीत, हे वाईट झालं. खोलीत बोलावून शांतपणे म्हणाले, "वैरागडे, तुम्हीच म्हणत होता ना फाटे नकोत? ठीक आहे. दसऱ्यापासून सगळ्या सवलती बंद. सगळे कामगार सारखे, आडनावाच्या अक्षरावरून तीन गट, दर आठवड्याला पाळी बदलायची. काढून टाका सगळे फाटे." मी तिथेच उभी होते. मला वाटलं, झालं, आता हा माणूस पेढे वाटणार. वैरागडे हातात राहिलेली कागदाची पट्टी बोटाभोवती गुंडाळत उभे होते.

त्या संध्याकाळी ते आमच्या ओसरीवर बसले होते आणि सिंधू आली. सिंधू आणि तिचा नवरा मारोती, दोघंही गिरणीत, सूत गुंडाळायच्या खात्यात. नवरा-बायकोला एका पाळीत घालू नये असं मी मघाशी सांगितलं, ते हेच घर. मारोतीची आई आंधळी होती. एक पहिल्या पाळीला जायचा, एक दुसऱ्या, म्हणजे म्हातारीजवळ कोणीतरी असायचं. सगळे सारखे झाले की आडनाव एक म्हणून गट एक, दोघं एकाच वेळी कामावर. म्हणजे म्हातारीला दिवसभर घरात कोंडायचं, नाहीतर सिंधूने काम सोडायचं. आणि एकाच्या कमाईवर ते घर चालण्यासारखं नव्हतं.

सिंधू पायरीवरच उभी राहिली. "भाऊ, माह्यं नाव तुमच्या मशीनमंधून काढू नका जी. साहेबाले काय सांगाचं थे सांगा."

वैरागडे गुडघ्यावर बोटं मोजायला लागले आणि मध्येच थांबले. मग म्हणाले, "सिंधूताई, तुमचं नाव तिच्यात असाचं कामच नव्हतं. चूक तेच होती."

ती बिचारी रडायलाच लागली. मी खवळले. म्हटलं, "भाऊजी, काही लाज? पोरगी हात जोडून राह्यली, अन् तुम्ही चुका काढून राह्यले?"

"नाई वहिनी, ऐका." ते उठून उभे राहिले, इतक्या उत्साहात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "म्या प्रोग्रामले एकेक माणूस पाठ करायले लावला. हा असंल तर असं, थो असंल तर तसं. त्यानंच फाटे झाले. नावं हुकमात घालाचीच नसतात. ज्याची अडचण त्याच्या नावापुढं लिवून ठेवाची, अन् प्रोग्रामनं दरेकाले एकच गोष्ट विचाराची, या माणसाले या पाळीत अडचण आहे का? हो का नाई. एकच फाटा. माणसं तीनशे असो का हजार."

मला ते तेव्हा अर्धंच कळलं. एवढं कळलं की फाटे कमी होतील आणि सिंधू राहील. साहेबांना त्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. साहेब म्हणाले, दसऱ्याच्या आत आकडा दहाच्या खाली आणून दाखवा आणि तक्ता बिनचूक काढा, नाहीतर माझे तीन गट तयार आहेत.

आता गंमत अशी की सगळ्यांच्या अडचणी नीट कोणालाच माहीत नव्हत्या. साहेबांच्या चिठ्ठ्या जुन्या झालेल्या. दहावीचा मुलगा केव्हाच नापास होऊन हॉटेलात लागलेला. म्हणजे घरोघर जाऊन विचारायला हवं, आणि वैरागडे तर समोरच्या घरीही बोटं मोजत बसणारे. "बाया मले सांगणार नाई, तुम्ही चला," म्हणून त्यांनी मला ओढलं. सासूबाईंनी चहाचं बघते म्हटलं आणि मी निघाले. कामावरून सुटल्यावर रोज चाळीत, आजूबाजूच्या खेड्यांत आम्ही दोघं, ते सायकल हातात धरून आणि मी मागे.

काय काय अडचणी असतात माणसांना. एकाची म्हैस पहाटे त्याच्याशिवाय कोणाला दूध देत नव्हती. एकाने रातपाळीच मागितली, कारण बायको घोरते. एकाने मंगळवार संध्याकाळ कामावरच पाहिजे म्हणून सांगितलं, त्या दिवशी सासरे येतात. मी हसले, म्हटलं हे काय लिहायचं? वैरागडे लिहीत राहिले. "अडचण थे अडचण. खरी किती अन् खोटी किती हे मोजाचं माप आपल्यापाशी नाई." लोक चहा विचारायचे. सुरुवातीला ते नको म्हणायचे. चार-सहा दिवसांनी मी ऐकलं, कोणाला तरी सांगत होते, "साखर थोडी जास्त टाका जी." मी त्यांच्याकडे बघितलं, तर त्यांनी मान वळवली.

सिंधूचं घर शेवटी ठेवलं होतं, तिची अडचण माहीतच होती म्हणून. म्हातारी भिंतीला टेकून तुरीची डाळ निवडत होती, बोटांनीच. वैरागडे म्हणाले, "माय, तुमचं लिवलं. दोघं एका पाळीत नाई."

"थे झालं," म्हातारी म्हणाली. "पण साडेतीनले पाळी बदलते तवाचं काय?"

"काय तवाचं?"

"एक घरी याच्या आधी दुसऱ्याले निघा लागते ना, बापा. मंग बाहेरून कडी लावून जाते. दुसरं येईवर मी आतच."

सिंधू मान खाली घालून उभी होती. एकदा म्हातारी शेगडीकडे गेली आणि हात भाजला, तेव्हापासून कडी. रोज तासभर. तिने हे कधी कोणाला सांगितलं नव्हतं. वैरागड्यांनी पेन्सिल खाली ठेवली. त्यांनी डोक्यात सगळ्या पाळ्या फिरवून पाहिल्या असणार, मला चेहऱ्यावर दिसत होतं. शेवटी अगदी हळू म्हणाले, "याले उपाय नाई, माय. पाळ्या कशाही लावल्या तरी मधातली वाट राह्यतेच."

"जाऊ दे," म्हातारी म्हणाली. "तू विचारलं, लय झालं. तुह्या नावापुढं कोणती अडचण लिवली रे?"

"मले कायची अडचण? मी कवाही येतो, कवाही जातो."

"घरी कोण असते?"

"कोणीच नाई."

"मंग तू घरी चालला हे कोणाले समजते?"

वैरागड्यांनी खाली ठेवलेली पेन्सिल उचलून खिशात घातली. म्हातारीने पुन्हा डाळीत हात घातला.

परत येताना ते सायकलवर बसलेच नाहीत. नालवाडीच्या वळणावर थांबून म्हणाले, "वहिनी, मले वाटे का म्या माह्यं सगळं सोपं करून ठेवलं. सोपं बिपं काही नाई. माह्याजवळ मागाले कोणी आलंच नाई कवा." एरवी माझ्या जिभेला हाड नसतं, पण त्या दिवशी मी नुसती त्यांच्याबरोबर चालत राहिले.

पुढच्या दिवसांत ते खोलीतच असायचे, फक्त दुपारी तीनच्या सुमारास सायकल गायब. कॉम्प्युटरची खोली कुलूपबंद. मला सिंधूने सांगितलं. "भाऊ येऊन बसते. कडी लावा नाई लागत आता." म्हातारी त्यांना डाळ निवडायला बसवायची आणि त्यांच्या हातून राहिलेले खडे बोटांनी शोधून त्यांच्याच तळहातावर ठेवायची. एकदा तिने विचारलं म्हणे, तुह्या मशीनले डोळे आहेत का? नाई म्हटल्यावर म्हणाली, मंग आमचं जमन.

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात नवा तक्ता निघाला. वैरागडे, सुपरवायझर आणि मी, आम्ही तिघांनी तो नाव न नाव वाचला, या वेळी खरंच वाचला. सिंधू पहिली पाळी, मारोती दुसरी. म्हैसवाला पहाटे मोकळा. घोरणाऱ्या बायकोचा नवरा रातपाळीला. चूक नाही. वैरागड्यांनी पाटी फिरवून सरळ केली आणि खडूने आकडा लिहिला, सात.

तीनच्या सुमारास साहेब स्वतः खोलीत आले, चपला काढून. आकडा पाहिला, तक्ता पाहिला, वैरागड्यांचा हात हातात घेतला. म्हणाले, "सवलती राहतील. आणि चेअरमन येताहेत आज, त्यांना तुम्हीच समजावून सांगा. साडेतीन वाजता माझ्या खोलीत. फोटोवालाही बोलावलाय."

"साडेतीनले नाई जमणार साहेब," वैरागडे म्हणाले. "मले अडचण आहे."

इतक्या वर्षांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. लाजत नव्हते, माफीही मागत नव्हते. नवा सदरा घातलेलं पोर बोलतं तसे बोलले. टेबलावरची पिशवी उचलली, चपला घातल्या आणि निघाले. खिडकीतून दिसलं, गेटपाशी सायकलवर टांग टाकली आणि जोरात पायडल मारत गेले. माझे डोळे भरून आले ते मी पदराने पुसले, साहेबांसमोरच.

साहेब गोंधळून माझ्याकडे वळले. "एकटा माणूस हा. याला कसली हो अडचण?"

म्हटलं, "घरी वाट पाहून राह्यले साहेब त्यायची."